पद्मजा यायची आहे

सकाळी पद्मजा खोलीत शिरायची ती आधी नवऱ्याचा चेहरा बघत. बोलायची काहीच नाही. दारातच उभी राहायची आणि आज आपण त्यांना कोण वाटतोय, याचा अंदाज येईपर्यंत पुढे पाऊल टाकायची नाही. कधी ते म्हणायचे, "पद्मा, चहा झाला?" मग तिच्या जिवात जीव यायचा. कधी चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे आणि भिंतीकडे सरकायचे. त्या दिवशी तिने तसंच मागे फिरायचं, भांड्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा, जणू पहिल्यांदाच आल्यासारखं, दारात यायचं.

मी तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ओळखते. आम्ही दोघी टेलिफोन खात्यात एकत्रच लागलो, आणि पुढची बरीच वर्षं तक्रार विभागात शेजारी शेजारी बसून काढली. बंद पडलेल्या फोनसाठी लोक चालत्याबोलत्या माणसाला किती शिव्या घालू शकतात, ते आम्ही तिथे ऐकलं. मी दिवसातून एकदा तरी कानावरचा हेडफोन आपटायचे. पद्मजाचा आवाज मात्र कधी चढला नाही. "बोला साहेब, काय झालंय?" असं ती एवढ्या शांतपणे विचारायची की समोरचा माणूस अर्ध्या शिवीवरच थांबायचा.

तिचे यजमान नंदकिशोर सबनीस भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर होते. उंच, सडपातळ आणि मवाळ गृहस्थ. इतके मवाळ, की रिक्षावाल्याने उलट्या रस्त्याने नेलं तरी गप्प बसायचे आणि पद्मजा त्यावरून चिडायची. एक खोड होती. घराबाहेर पडताना गॅसचा मेन कॉक बंद आहे ना, हे ते बघायचे, आणि गेटपर्यंत जाऊन परत वर येऊन पुन्हा बघायचे. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोघांचा संसार झाला. मुलगी गंधाली लग्न होऊन बोरिवलीला गेली. निवृत्तीनंतर फिरायला जायचं, कोकणात चार दिवस काढायचे, असं दोघांनी ठरवलं होतं, आणि एक-दोन वर्षं त्यांनी ते केलंही.

मग नंदकिशोरांना शब्द सापडेनासे झाले. नळाला ते "ते, पाण्याचं" म्हणायला लागले. एकदा भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन बिल्डिंगखालच्या बाकावर बसून राहिले, कारण आपला मजला कोणता ते आठवेना. डॉक्टरांनी तपासण्या करून अल्झायमर सांगितला. पद्मजाने ते धीराने घेतलं. ती मला नंतर म्हणाली, "विसरतील, एवढंच ना, असं मला वाटलं होतं. नाव विसरतील, मला विसरतील. पण ते घाबरतील, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

आणि ते घाबरायला लागले. रोज एकाच गोष्टीला घाबरले असते तर तिने काहीतरी केलं असतं. पण काल चाललेलं आज चालत नव्हतं. कपाटाच्या आरशात त्यांना कोणी म्हातारा दिसायला लागला, म्हणून तिने आरशावर खाकी कागद चिकटवला. दोन-तीन दिवस बरे गेले. मग कागदामागे कोणीतरी लपलंय म्हणून ते त्या खोलीत जाईनात. सोमवारी अंघोळ हसत हसत झाली, मंगळवारी तेच कोमट पाणी अंगावर पडताच ते भाजल्यासारखे ओरडले. आमटी आवडीने खाणारा माणूस एकाएकी ताट दूर सारून म्हणाला, यात काहीतरी घातलंय. त्यानंतर पद्मजा आधी त्यांच्या ताटातला घास खाऊन दाखवायला लागली. तेही थोडे दिवसच चाललं.

एक दिवस त्यांनी तिचं मनगट धरलं. ती औषध द्यायला गेली होती. त्यांनी इतकं घट्ट धरलं की तिला सोडवून घेता येईना, आणि त्यांचे तसे डोळे तिने त्याआधी कधी पाहिलेले नव्हते. मनगट काळंनिळं पडलं. त्याच आठवड्यात मी तिला भेटायला गेले, तर ऐन उकाड्यात ती लांब बाह्यांचा कुर्ता घालून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, दारात हात सापडला.

गंधालीला ती फोनवर रोज सांगायची, आज बाबा छान आहेत, पेपर वाचतायत. गंधाली नोकरी, लहान मूल आणि सासूचं आजारपण यांत पिचलेली, तिलाही ते खरं मानायला बरं वाटत असणार. पद्मजाने का लपवलं, ते तिने मला पुढे सांगितलं. गंधाली वडिलांना कुठल्यातरी संस्थेत ठेवायचं म्हणेल, हे एक. आणि दुसरं म्हणजे लाज. "ज्या माणसाने जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याची मला भीती वाटते, हे मी पोरीला कोणत्या तोंडाने सांगू?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी व्हायचं ते झालं.

कामवाली बाई भांडी घासून गेली होती. नंदकिशोर जेवून झोपले होते. ते उठतील तेव्हा चहा तयार असावा म्हणून पद्मजाने मंद आचेवर दूध ठेवलं आणि मशीनमधले कपडे काढायला ती ड्राय बाल्कनीत गेली. त्यांच्या स्वयंपाकघराला लागून ती चिंचोळी बाल्कनी आहे. बाहेरच्या बाजूला जाळी, आणि आतल्या बाजूला ओट्यावरची खिडकी तिथेच उघडते, तिलाही गज आहेत. पद्मजा मशीनमध्ये वाकलेली असताना मागचं दार लागलं. मग कडीचा आवाज आला.

तिला आधी वाटलं वारा असेल. पण वारा कडी घालत नाही.

तिने खिडकीतून आत पाहिलं. नंदकिशोर ओट्याजवळ उभे होते. हातात त्यांच्या हत्यारांच्या पेटीतला मोठा पाना होता.

"अहो, मी बाल्कनीत आहे. कडी काढा."

"बोलायचं नाही," ते म्हणाले. "बरी सापडलात. पद्मजा येऊ दे, मग बघू काय करायचं ते."

"अहो, मीच पद्मजा."

हे म्हणायला नको होतं, असं ती नंतर कितीदा तरी म्हणाली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पाना ओट्यावर आपटला, कडाप्प्याचा टवका उडाला. "तिचं नाव घ्यायचं नाही. काय केलंत तुम्ही तिला? कुठे आहे ती?"

आपण त्यांना नुसत्या चोर वाटत नाही, आपण पद्मजाचं काहीतरी बरंवाईट केलंय असं त्यांना वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं. ती जाळीकडे वळली. खाली बिल्डिंगची मागची बाजू, पंपाची खोली, झाकून ठेवलेल्या दोन स्कूटर. वॉचमन पुढच्या गेटवर. तिने एकदा हाक मारली. समोरच्या विंगेतल्या खिडक्या बंद होत्या, एसी चालू होते. तिच्या हाकेने आत मात्र पाना पुन्हा आपटला गेला. तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर तिचा मोबाइल वाजायला लागला. नंदकिशोर दचकले, धावत गेले आणि त्यांनी मोबाइलवर सोफ्याची उशी दाबून धरली, आवाज बंद होईपर्यंत. मग परत येऊन उभे राहिले.

त्यांच्या पाठीमागे दूध वर येत होतं.

पद्मजाला ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. गॅस बंद करा, असं तिने दोनदा सांगितलं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते, शब्दांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दूध उतू गेलं, बर्नरवर पसरलं, चर्र झालं आणि ज्योत विझली. थोड्या वेळाने तो वास तिच्यापर्यंत आला. त्यांनाही आला. त्यांनी वळून शेगडीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि पाना उजव्या हातातून डाव्यात घेऊन ओट्यावरचा लायटर उचलला.

त्या क्षणी आपण ओरडलो असतो तर संपलंच होतं, असं पद्मजा सांगते. ओरडलं की ते उलटंच करायचे. पण तोंडातून जे निघालं ते तिने ठरवून काढलेलं नव्हतं.

"नमस्कार, तक्रार विभाग. बोला साहेब, काय झालंय?"

लायटर हवेतच थांबला. नंदकिशोर खिडकीजवळ आले.

"गॅसचा वास येतोय," ते म्हणाले.

"बरोबर आहे साहेब, इथे कळलंय आम्हाला. तुमच्या हातात लायटर आहे ना? तो पेटवायचा नाही. तपासायला लागेल. इकडे द्या."

त्यांनी लायटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिने गजांतून हात पुढे केला. त्यांनी लायटर तिच्या तळहातावर ठेवला.

"आता मेन कॉक कुठे असतो, माहीत आहे का तुम्हाला?"

ते जरा दुखावले. "मी मेंटेनन्सला आहे, बाई," ते म्हणाले, ओट्याखाली वाकले आणि त्यांनी कॉक फिरवला. फिरवून झाल्यावर पुन्हा एकदा हात लावून पाहिला. मग तिने सांगितलं तशा हॉलच्या खिडक्या उघडायला गेले.

ते बराच वेळ परत आलेच नाहीत. पद्मजा उलट्या बादलीवर बसली. पश्चिमेचं ऊन जाळीतून थेट अंगावर येत होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्या शांततेत तिच्या मनात येऊ नये ते सगळं आलं. ते दार उघडून खाली गेले असतील. रस्त्यावर गेले असतील. उघड्या खिडकीपाशी असतील.

मग दाराच्या पलीकडून, अगदी खालून, आवाज आला. ते दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले होते.

"तक्रार विभाग?"

"बोला साहेब."

"अजून एक तक्रार होती."

ती थांबली. ते शब्द शोधत होते, हे तिला दारातूनही कळत होतं.

"माझ्या डोक्यात बिघाड आहे," ते म्हणाले. "घर तेच असतं. माणसं बदलतात. एक बाई रोज येते. वाईट नसावी. पण ती पद्मजाच्या साड्या नेसते." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे पद्मजाला सांगू नका. ती घाबरेल."

पद्मजाने पदर तोंडात कोंबला. आम्हाला नोकरीत एक सवय लावलेली होती, तक्रार करणाऱ्याला उत्तराशिवाय ताटकळत ठेवायचं नाही. पण तिला बोलताच येईना.

"आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे साहेब. तुम्हाला भीती वाटते?"

"फार."

"रोज?"

"ती घरी येईपर्यंत."

तिने डोळे पुसले आणि आवाज सरळ केला. पद्मजाबाई ऑफिसातून सहाला येतात, आजही येतील, असं तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की ना. ती म्हणाली, नक्की. मग काही वेळाने ते एकदम काळजीने म्हणाले, "तुम्ही उन्हात बसलाय का?" आणि कडी निघाली.

पाना अजून त्यांच्या हातात होता. ते बाजूला झाले, पाहुण्याला वाट द्यावी तसे. माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात काढून त्यांनी तिला दिलं. ती ते पाणी उभ्यानेच प्याली, त्यांच्याकडे बघत, पान्याकडेही बघत. मग ते तिला दारापर्यंत पोचवायला आले, कारण तक्रार विभागाच्या बाई आता जाणार हे त्यांनी धरलंच होतं. पद्मजा अनवाणीच बाहेर पडली. मागे दार लागलं.

जिना उतरताना तिला कळलं की लायटर अजून मुठीत आहे, आणि मूठ उघडतच नाहीये.

पहिल्या मजल्यावरच्या विमलाकाकूंचं दार तिने वाजवलं आणि तिथेच खाली बसली. काकूंच्या फोनवरून तिने गंधालीला सगळं सांगितलं. आजचं, मनगटाचं, जेवणाचं, आरशाचं, सगळं. गंधाली नुसती म्हणाली, निघते. अर्ध्या तासाने पद्मजा काकूंची चप्पल घालून, काकूंना सोबत घेऊन वर गेली आणि तिने बेल वाजवली. आत पावलं वाजली तशा काकू एक पायरी मागे सरकल्या.

नंदकिशोरांनी दार उघडलं. पाना नव्हता. "पद्मा," ते म्हणाले, "किती उशीर."

त्या संध्याकाळी गंधाली आली आणि आईशी खूप भांडली, मग तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. संस्थेची गोष्ट निघालीच. कर्जतजवळची एक संस्था दोघींनी जाऊन पाहिलीही. जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती, आणि घरी आल्यावर पद्मजाला घास गिळवेना. त्यांचे पाय चालेनासे झाले की बघू, यावर ते थांबलं. औषध बदललं. डॉक्टरांनी सांगितलं, खरं-खोटं करत बसू नका, ते जिथे असतील तिथे तुम्ही जा. मी मनात म्हटलं, ती तर बाल्कनीतूनच तिथे जाऊन आली होती. सुताराकडून घरातल्या सगळ्या कड्या काढून घेतल्या. गॅसच्या जागी इंडक्शन आलं. पाने, हातोड्या गंधालीने गाडीत घालून बोरिवलीला नेल्या, आणि आपली पेटी हलकी झालेली पाहून नंदकिशोर दोन दिवस बेचैन होते. वॉचमनला, शेजाऱ्यांना, समोरच्या विंगेला, सगळ्यांना सांगून टाकलं. पद्मजाला वाटलं होतं लोक कुजबुजतील. समोरच्या विंगेतल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या आईचं सांगितलं, तेव्हा तिला कळलं की त्या बंद खिडक्यांमागेही असंच काही चाललेलं असतं. दिवसा मदतीला शर्मिष्ठा यायला लागली, भांडुपची, तोंडाने जरा फटकळ पण हाताने हळवी.

ते घाबरले की पद्मजा दारातून बाहेर जायची, जिन्यात थोडा वेळ बसायची, आणि पर्स खांद्याला लावून, बेल वाजवून परत यायची. "आले हो," म्हणायची. त्यांचा चेहरा खुलायचा. पावसाळाभर हे चाललं. दिवाळीत बेलच्या आवाजाचाच त्यांनी धसका घेतला, मग तेही सोडावं लागलं. तिने दुसरं काहीतरी शोधलं. तेही आता जुनं झालंय.

पद्मजाची भीती गेली, असं मी सांगणार नाही. गेली असती तर सांगितलं असतं. मोबाइल ती गळ्यात दोरी घालून अडकवते. अंघोळीला जातानाही बाथरूमचं दार लावून घेत नाही. कुठे काही पडलं तरी दचकते. एवढंच झालंय, की ती आता सांगते. मला, गंधालीला, कधी कधी विमलाकाकूंना. दुपारी फोन करते आणि म्हणते, आज मला फार भीती वाटतेय, जरा बोलत राहा. मग मी काहीही बोलत राहते, बाजारभाव, गुडघे, कोणाची नात कुठे गेली.

गेल्या महिन्यात तिचा असाच फोन आला, पण आवाज वेगळा होता. नंदकिशोर आता कोणालाच घाबरत नाहीत, असं तिने सांगितलं. तिलाही नाही, शर्मिष्ठालाही नाही. शांत बसून असतात. भरवलं की खातात. मी म्हटलं, बरं झालं ना गं मग.

"सहा वाजले तरी दाराकडे बघत नाहीत," ती म्हणाली. "पद्मजा कधी येणार, असं विचारतच नाहीत. आठ दिवस झाले."

मी त्या गुरुवारी गेले तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते आणि पद्मजा त्यांच्या पायाशी मटार सोलत होती. शर्मिष्ठा आत चहा करत होती. मग पद्मजाने मान वर केली आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "पद्मजा येईल हं एवढ्यात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नम्रपणे, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"कोण?"

पद्मजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ती शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले आणि सांगायला सुरुवात केली. टेलिफोन खात्यात होती एक बाई. मूळची चेंबूरची. लग्न करून मुलुंडला आली. तिच्या नवऱ्याला बाहेर निघताना पुन्हा वर येऊन गॅस बघायची सवय होती, त्यावरून ती फार चिडायची. ते ऐकत होते. शर्मिष्ठाने चहा आणून ठेवला, तो कोणी घेतला नाही. दाणे वाटीबाहेर पडत होते, आणि पद्मजा न थांबता सांगत होती.